गिनाहचं तेल आणि मुरवानीची रेघ

मुरवानीला स्वच्छतेचं वेड होतं. आता वेड कुठलंही असो, ते कौतुकात वाढतं आणि एक दिवस घरच्याच माणसाच्या मुळावर येतं. पण हे तिला कोण सांगणार? आमच्या गल्लीत सासवा सुनांना म्हणायच्या, "मुरच्या अंगणात भात सांडला तर तो उचलून खावा. नाहीतर तुमची अंगणं!"

हे वेड आईकडून आलं. आई साखर कारखान्यातल्या साहेबांचे कपडे कोळशाच्या इस्त्रीनं इस्त्री करायची. शर्टावर एक सुरकुती राहिली तरी पुन्हा पाणी शिंपडायची. मुर शेजारी बसून बघायची. मोठी झाल्यावर मुर गावच्या छोट्या इस्पितळात धुलाईला लागली, आणि तिच्या चादरींच्या घड्या बघून तिथल्या थोरल्या नर्सबाईंनी तिला उचलून हृदयाची रेघ काढणाऱ्या ईसीजीच्या यंत्रापाशी नेलं. म्हणाल्या, "ज्या हाताला घडी जमते, त्या हाताला रेघ जमेल."

आणि जमली की! ते जुनं यंत्र मोठं कटकटं होतं. तापलेली सुई कागदावर चालायची. माणूस जरा थरथरला, घाबरला, त्यानं पाय हलवला की रेघेला सुरवंटासारखे केस फुटायचे. मग मुर काय करायची? पंखा बंद करायची. चादर पांघरायची. आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायची आणि म्हाताऱ्याचं मनगट हातात धरून विचारायची, "यंदा भात कसा आहे हो आजोबा?" आजोबा भाताचं सांगायला लागले की रेघ आपोआप शांत व्हायची. कातडीवर घाम असला, तेल असलं, तर गरम पाणी, साबण, आणि कोरडं होईपर्यंत पुसणं. तासभर लागो. आधी माणूस शांत, मग रेघ शांत. असं तिचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर ते काम होतं तेव्हा ती बाई सोन्याची होती.

मग नवं यंत्र आलं. त्याला पडदा, आणि पडद्याखाली फिल्टरचं बटण. ते दाबलं की वरखाली भरकटणारी रेघ ओढून सरळ व्हायची, बारीक थरथर गळून जायची. मुरच्या लेखी ते बटण म्हणजे इस्त्रीच. घाम पुसायला नको, भाताचं विचारायला नको. एक बोट टेकवलं की सुरकुती गेली.

शिकवायला आलेल्या माणसानं बजावून सांगितलं होतं, "छातीत दुखतंय असा माणूस आला तर हे बटण बंद. अगदी बंद. ठोक्याचं उंच टोक येऊन गेलं की पुढं एक सपाट तुकडा असतो. हृदयाला रक्त कमी पडलं की तो तुकडा वर उचलला जातो. हे बटण रेघेला ओढून पातळीवर आणतं. रेघ वायर सरकली म्हणून उचलली की हृदय तडफडतंय म्हणून उचलली, ते त्याला काय कळतंय?" मुरनं मान हलवली होती. ती चांगली मान हलवायची.

पण कौतुकाची चटक वाईट. आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर नाही. मुर कागदाचा फोटो काढून शहरातल्या डॉक्टर हेंद्रातोंना फोनवर पाठवायची आणि ते वाचून उत्तर द्यायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "तुमची रेघ वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही." झालं! बाईनं ते चार ठिकाणी दाखवलं. तेव्हापासून बटण दाबलेलंच राहू लागलं. बटण दाबलेलं असलं की कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं छापून यायचं. मुर फोटो काढताना तो कोपरा दुमडून ठेवायची. पहिल्यांदा का दुमडला, कोण जाणे. नंतर सवय झाली. पण दुमडणाऱ्या हाताला माहीत असतं हो, आपण काय दुमडतोय ते.

आता गिनाहचं ऐका. मुरच्या भिंतीला भिंत लागून गिनाहचं घर. वयानं मोठी, म्हणून मुर तिला 'यू' म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तिचा नवरा सार्जू, तो मुरचा 'कांग', थोरला भाऊ. दोघं टेंपे करायची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. सार्जू पहाटे नदीवर टोपलीत सोयाबीन घेऊन पायांनी तुडवायचा, सालं वाहून जायची. मग गिनाह ते शिजवून, विरजून, केळीच्या पानात बांधायची. मुर तरुणपणी विधवा झाली तेव्हा तिच्या उंबऱ्यावर रोज सकाळी पानात बांधलेला टेंपे ठेवलेला असायचा. कोणी ठेवला ते गिनाहनं कधी बोलून दाखवलं नाही. मुरनंही विचारलं नाही. आमच्यात अशा गोष्टी विचारत नाहीत.

गिनाहच्या हाताला गुण होता. अंगात वारं शिरलं, मान धरली, मळमळलं, की गल्ली तिच्याकडे पाठ उघडी करून बसायची. खोबरेल तेलात कांदा कुस्करायचा, वरून बाम, आणि आजीच्या जाड तांब्याच्या नाण्यानं पाठ खरवडायची, लाल पट्टे उठेपर्यंत. पट्टे जितके लाल, तितकं वारं जास्त. माणूस ढेकर देऊन उठायचा आणि कामाला लागायचा.

शुक्रवारची दुपार होती. इस्पितळातले डॉक्टर, कारकून, सगळे पुरुष मशिदीत गेले होते. मागच्या दारानं गिनाह सार्जूला घेऊन आली. मुरचे शेजारीच ते, नाव नोंदवायला पुढच्या दारानं कशाला जातील? सार्जू घामानं निथळत होता, पण तोंड चालूच.

"मुर, बघ ना, देवानं छातीवर गुडघा टेकलाय. नमाज चुकवली ना मी."

"जरा गप्प बसा हो," गिनाह म्हणाली. "मुर, सकाळपासून वारं शिरलंय यांच्या अंगात. खरवडलं, आल्याचं पाणी पाजलं, उतरेना. म्हटलं तुझं यंत्र एकदा बघू दे."

मुरनं शर्ट उघडला. पाठ लाल, छाती लाल, आणि सगळ्यावर तेल. बामाच्या वासानं डोळे चुरचुरले. तिनं रबरी फुग्याच्या वाट्या छातीवर बसवल्या. एक बसवली तर दुसरी घसरली. तिसरी टप्पकन जमिनीवर पडली.

"बघ, यंत्रालासुद्धा मी नको झालोय," सार्जू हसला आणि हसताना कळवळला.

पडद्यावर रेघ वरखाली हेलकावत होती. आता काय करायचं ते मुरला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गरम पाणी, साबण, पुसणं. तिनं कापूस हातात घेतलाही. आणि मान वर करून गिनाहकडे बघितलं.

गिनाह नवऱ्याच्या उशाशी उभी होती. बोटांना अजून तेल होतं. "बघ, कसे लालभडक उठलेत!" ती म्हणाली. "सारं आयुष्य खरवडतेय, पण असे पट्टे नाही बघितले. नुसतं वारं गं, दुसरं काही नाही." तिच्या आवाजात अभिमान होता, आणि अभिमानाखाली भीती होती.

त्या बाईच्या देखत, तिच्या नवऱ्याच्या अंगावरचं तिच्या हातचं तेल साबणानं घासून काढायचं? म्हणजे सरळ तोंडावर सांगायचं, की तुझं औषध म्हणजे घाण. आमच्याकडे माणूस विस्तवात हात घालेल, पण मोठ्या बहिणीला असं करणार नाही. मुरनं कापूस परत ठेवला. आणि बटण दाबलं.

रेघ सरळ झाली. हेलकावे गेले, थरथर गेली, टोकं कशी एका उंचीची, मधले तुकडे कसे सपाट. मुरनं कागद काढला, कोपरा दुमडला, फोटो पाठवला. डॉक्टर हेंद्रातोंचं उत्तर आलं: "विशेष काही नाही. नेहमीसारखी देखणी."

"म्हटलं नव्हतं? वारंच!" गिनाहचा जीव भांड्यात पडला. मुरचाही पडला. तिनं पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि दोघं स्कूटरवरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सार्जू सोयाबीन तुडवता तुडवता टोपलीत कोसळला. नदीवर भाजी धुणाऱ्यांनी त्याला उचलून टेम्पोत घातलं आणि थेट शहरात नेलं. वाचला बिचारा. पण हृदयाचा मोठा भाग कायमचा गेला. नदीपर्यंत चालणंसुद्धा आता त्याला झेपणार नव्हतं, तुडवणं तर सोडाच.

तिथल्या इस्पितळातल्या दुसऱ्याच डॉक्टरनं त्याच्या अंगावरचे पट्टे बघितले आणि सगळ्यांदेखत गिनाहला फैलावर घेतलं. "बाई, नवऱ्याच्या छातीत कळ येतेय आणि तुम्ही नाणं घेऊन खरवडत बसलात? आधी आणलं असतं तर हृदय वाचलं असतं!"

गिनाह म्हणाली, "हो." एवढंच.

जिभेला हाड नसतं, आणि आमच्या गल्लीच्या जिभेला तर अजिबात नाही. "गिनाहनं खरवडून नवऱ्याचं हृदय फाडलं." "तिच्याकडे पाठ फिरवू नका गं, आतलं काढून घेईल." भाजीच्या गाडीपाशी अशी खिदळाखिदळ चालायची आणि मुर तिथंच उभी राहून पालक निवडायची. घरी येऊन पालक पुन्हा धुवायची, आणि पुन्हा.

तोवर तिला कळलेलं होतं. यंत्राच्या आत मूळची रेघ जशीच्या तशी साठवलेली असते. सार्जूला शहरात नेल्याचं ऐकलं तशी ती इस्पितळात गेली, शुक्रवारची रेघ पडद्यावर काढली आणि फिल्टर बंद केला. रेघ हेलकावत आली, ओबडधोबड, मळकी. पण त्या हेलकाव्यांतही, टोकापुढचा जो तुकडा सपाट असायला हवा, तो वर उचललेला होता. एका वायरीत, दुसरीत, तिसरीत, प्रत्येक ठोक्याला. हृदय ओरडत होतं आणि हिनं त्याच्या तोंडावर इस्त्री फिरवली होती. मुरला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिनं यंत्र बंद केलं, हात धुतले, आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मुर त्या दिवसांत शिकली. सार्जूसाठी ती पेज करून पाठवायची. भांडं रिकामं परत यायचं नाही. गिनाह त्यात काही ना काही घालायची, चार केळी, मूठभर शेंगा. ती केळी मुरच्या फळीवर काळी पडायची. अंगणात गिनाह दिसली की मुर आत वळायची. आणि गिनाहला वाटायचं, मुरसुद्धा आपल्याला दोष देतेय. तीही आत वळायची.

रोजे संपले, ईद आली. ईदच्या सकाळी आमच्याकडे लहानानं मोठ्याच्या पुढ्यात गुडघे टेकायचे, हात हातात घ्यायचे आणि म्हणायचं, "मनातलं, बाहेरचं, सगळं माफ करा." मोठ्यानंही तेच म्हणायचं. मोठी सोयीची रीत आहे. कोणी काय केलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. एका वाक्यात वर्षभराचं धुणं. मुरनं या रितीवर भिस्त ठेवली होती. त्या एका वाक्यात हेही जाईल, असं तिनं रोज्यांच्या महिन्यात स्वतःला पढवलं होतं.

गिनाहच्या घरात नारळाच्या रसातल्या कोंबडीचा वास होता. सार्जू खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता, वाळलेला, पण डोळे तेच. मुर गिनाहच्या पायांशी बसली, हात हातात घेतले.

"यू, मनातलं, बाहेरचं, सगळं माफ करा."

"तूही मला माफ कर, मुर." आणि गिनाहनं हात सोडलेच नाहीत. तिचे डोळे भरून आले. "आणखी एक माफ कर. त्या दिवशी माझ्या तेलानं तुझं यंत्र फसलं. वाट्या घसरत होत्या, मी बघत होते की. शहरातला डॉक्टर ओरडला तेव्हा आम्ही तुझ्याकडे येऊन गेलो होतो हे मी सांगितलं नाही. म्हटलं, चूक माझ्या तेलाची, मुरच्या नावाला कशाला डाग?"

मुरच्या कानात गरम सळई गेली. इतके महिने लोकांच्या शिव्या खात ही बाई आपलं नाव झाकत बसली होती, आणि आपण पालक निवडत होतो!

"यू, थांबा," ती म्हणाली. "यंत्र नाही फसलं. यंत्रानं बरोबर धरलं होतं."

"म्हणजे?"

"रेघ वाकडी आली होती. तेल पुसलं असतं तर धडधडीत दिसलं असतं. मी पुसलं नाही. बटण दाबून ती सरळ केली आणि सरळ केलेली पाठवली. कांगचं दुखणं त्यात होतं, यू. मी ते घालवलं. तुमच्यामुळं नाही झालं. माझ्यामुळं झालं."

बाहेर पोरं फटाके उडवत होती.

"का नाही पुसलंस?" गिनाहनं विचारलं. आवाज इतका खाली, की मुरला वाकून ऐकावं लागलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

गिनाहनं हात काढून घेतले. "मला वाईट वाटेल म्हणून! अगं बये, वाटलं असतं! दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते. तुझ्या आईपाशी जाऊन तुझ्या चुगल्या केल्या असत्या. आणि मग बोलले असते की! राग येतो नि जातो. यांचं हृदय येणार आहे का परत?" तिचा श्वास लागला. "त्या दिवसापासून मी यांच्या पाठीला हात लावला नाही, मुर. मागतात रोज. म्हणतात, गिनाह, पाठ आखडलीय, जरा खरवड. मला हात उचलवत नाही. आपल्या हातानं मारलं असं वाटतं. माझ्याच माणसाला हात लावायची मला लाज वाटायला लागली, आणि तू शेजारच्या घरात होतीस!"

मुर जमिनीकडे बघत बसली.

"बायांनो," खिडकीपाशी टेकलेला सार्जू म्हणाला, "माझ्या छातीवरून भांडताय खऱ्या, पण मी अजून आहे इथं." कोणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

"यू, माफ करा," मुर म्हणाली.

"सकाळची माफी दिलीय मी तुला, सगळ्यांना दिली तशी," गिनाह उठत म्हणाली. "ही त्यातली नाही. ही माझ्याकडे मागू नकोस. भाजीच्या गाडीपाशी ज्यांनी ऐकलंय, त्यांना सांग." आणि ती आत गेली.

दुपारी गल्लीच्या मुखियाच्या अंगणात सगळे जमले. दर ईदला जमतात. माइक फिरतो, म्हातारे दोन शब्द बोलतात, मग जेवण. माइक मुरकडे आला तेव्हा लोकांना वाटलं, ही आता दुआ म्हणेल. तिनं सांगायला सुरुवात केली आणि अंगण अवघडून गेलं. दुसऱ्याची लाज उघड्यावर आलेली आमच्या लोकांना बघवत नाही.

"जाऊ दे मुर, आज ईद आहे," मुखिया घाईघाईनं म्हणाला.

"बाई दमलीय, तिला पाणी द्या रे," कोणी म्हणालं.

"झालं गेलं माफ झालं, चला जेवायला!"

सगळे मिळून सुरकुती काढायला धावले. मुरनं माइक दोन्ही हातांनी धरून ठेवला. "नाही, ऐका," ती म्हणाली. "यू गिनाह त्यांना वेळेवर घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे. मी त्यांना परत पाठवलं. कागदाचा कोपरा मी दुमडायचे. आधीपासून दुमडायचे." भाजीच्या गाडीवाल्या बायका पायांच्या अंगठ्यांकडे बघत होत्या. त्या दिवशी मुरच्या ताटाशेजारी कोणी बसलं नाही. ते तिला बरंच वाटलं.

सुट्टी संपल्यावर तिनं इस्पितळातही सांगितलं, डॉक्टर हेंद्रातोंनाही. मोठ्या डॉक्टरांनी तिला दार उघडं ठेवून झापलं, सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. कामावरून काढलं नाही, कारण ते यंत्र चालवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. फिल्टरच्या बटणावर चिकटपट्टी लागली. हेंद्रातोंनी देखणी हा शब्द पुन्हा कधी लिहिला नाही.

आणि मग एका सकाळी सार्जू तपासणीला आला. या वेळी पुढच्या दारानं, नाव नोंदवून. बरोबर गिनाह. ईदपासून ती मुरशी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. मुरनं गरम पाणी आणि साबण समोर ठेवला आणि कापूस उचलायला हात पुढं केला, तर गिनाहनं तो आधीच उचलला. नवऱ्याची छाती तिनंच घासली, खसाखसा, कोरडी होईपर्यंत.

"अगं, कातडी राहू दे," सार्जू म्हणाला.

"गप्प बसा. वळा, पाठ पुसायचीय. चादरीला तेल लागेल."

सार्जू कुशीवर वळला. त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल पट्टे होते. ताजे. कालचेच असतील.

मुरनं ते बघितले आणि तिला वाट्यांचं रबर नीट दिसेनासं झालं. ती वायरी सोडवायचं निमित्त करून खाली वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

मग वाट्या बसल्या. एकही घसरली नाही. मुरनं तळवे घासून गरम केले, सार्जूचं मनगट धरलं आणि विचारलं, "सोयाबीन आता कोण तुडवतं, कांग?" तो सांगायला लागला. पडद्यावर रेघ आली, खचलेल्या हृदयाची, जिथं सपाट असायला हवी तिथं खोलगट, जिथं उंच हवी तिथं बुटकी.

गिनाह मुरच्या खांद्यावरून बघत होती. "वाकडी आलीय," ती म्हणाली.

"हो, यू. वाकडीच आहे."

"कोपरा दाखव."

मुरनं कागद टेबलावर पसरला, चारी कोपरे बोटांनी दाबून सपाट केले आणि गिनाहच्या देखत फोटो काढला.

"हं," गिनाह म्हणाली, "आता पाठव."